फळीपलीकडची खोली

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बकिंगहॅम गावात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं १७६८ सालचं प्रार्थनागृह अजून उभं आहे. दगडी, दुमजली, बाहेरून एखाद्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर वाटावं असं. मनोरा नाही, क्रूस नाही, घंटा नाही. दर्शनी भिंतीला दरवाजे मात्र दोन, एकाच मापाचे. आत बाकांच्या रांगा आणि बरोबर मध्यावर लाकडी फळ्यांची आडभिंत. या फळ्या सरकवता येतात. उपासनेच्या वेळी त्या उघडायच्या, म्हणजे एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, पण सगळे एकाच शांततेत बसलेले. महिन्याच्या कामकाजाची सभा आली की फळ्या लावून घ्यायच्या. मग एका घराच्या दोन खोल्या व्हायच्या आणि दोन्हींत वेगळी सभा भरायची. बायकांच्या खोलीत सभा चालवणारी बाई, इतिवृत्त लिहिणारी बाई, पैशांचा हिशेब देणारीही बाईच.

मला जे म्हणायचं आहे ते या फळीविषयी आहे.

अमेरिकेतल्या स्त्री-हक्कांच्या चळवळीचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येतं: क्वेकर पंथ स्त्री-पुरुषांना समान मानायचा, म्हणून या चळवळीत क्वेकर बायका पुढे होत्या. वाक्य खोटं नाही, पण फार सोपं आहे. त्यात सगळं श्रेय तत्त्वाला जातं. मला वाटतं, तत्त्वाचा वाटा लहान आहे आणि दप्तराचा मोठा. देवापुढे सगळे सारखे, हे क्वेकरांच्या आधीही पुष्कळांनी म्हटलं होतं. विठ्ठलापुढे सगळे सारखे हे आपल्यालाही सातशे वर्षं ठाऊक आहे. दिंडीचा आणि फडाचा कारभार कुणाच्या हातात असतो, हे पंढरीच्या वाटेनं गेलेल्या कुणालाही विचारा. क्वेकर बायकांचं वेगळेपण असं की दीडशे वर्षं त्यांच्या हातात वही होती, पेटी होती आणि ‘नाही’ म्हणायचा थोडाफार अधिकार होता. आणि त्याचबरोबर एक फळीही होती, जी त्यांना रोज दिसत होती.

तत्त्वाचं आधी सांगून टाकते. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स सांगत फिरू लागला की ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आत आहे, त्यासाठी पाद्र्याची गरज नाही. पाद्रीच नाही म्हटल्यावर उपासना म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. ज्याला किंवा जिला आतून बोलावंसं वाटेल त्यानं किंवा तिनं उठून बोलायचं. ही माणसं न्यायाधीशापुढे टोपी काढत नसत आणि त्याला इंग्रजीतल्या आदरार्थी रूपाऐवजी सरळ ‘तू’ म्हणत. मराठी माणसाला यातली मजा आणि धोका दोन्ही लगेच कळतील. कलेक्टरसाहेबांना ‘ए, तू काय म्हणतोस?’ असं विचारून पाहा. मार्गारेट फेल हिनं १६६६ साली लँकेस्टरच्या तुरुंगातून एक पुस्तिका काढली, बायकांनी धर्मसभेत बोलणं हे बायबलला धरूनच आहे, असं सांगणारी. मेरी फिशर ही मोलकरणीचं काम केलेली बाई १६५८ साली तुर्की सुलतानाला आपला संदेश सांगायला एड्रियानोपलपर्यंत गेली आणि सुखरूप परतली. मेरी डायरच्या नशिबी तसं नव्हतं. क्वेकरांना केलेली बंदी मोडून पुन्हा आली म्हणून बॉस्टनच्या प्युरिटनांनी, म्हणजे तिथल्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, तिला १६६० साली फाशी दिलं.

अशा शूर बायका प्रत्येक नव्या पंथाच्या पहिल्या पिढीत सापडतात. पंथ स्थिरावला, त्याची घरंदारं झाली की त्या घरात जातात. क्वेकरांच्या बाबतीत तसं पूर्ण झालं नाही, कारण फॉक्सनं आणि फेलनं त्यांच्यासाठी एक कंटाळवाणी, पण टिकाऊ गोष्ट करून ठेवली: बायकांच्या मासिक सभा.

लंडनमध्ये यातली एक जुनी सभा होती. तिला ‘बॉक्स मीटिंग’ म्हणत, म्हणजे पेटीची सभा. बायकांनी वर्गणी काढायची, पेटीत टाकायची आणि तुरुंगात गेलेल्यांच्या घरी, बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना, विधवांना त्यातून मदत करायची. पैसे बायकांचे आणि ते कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्याही त्याच. ही झाली पेटी.

वहीचं काम याहून नाजूक होतं. क्वेकर जोडप्याला लग्न करायचं तर आधी सभेपुढे उभं राहून इच्छा सांगावी लागे, पुरुषांच्या सभेपुढे आणि बायकांच्याही. मग बायकांची सभा दोघींना नेमून चौकशी करायला पाठवी. मुलीनं आधी दुसऱ्या कुणाला शब्द दिलेला नाही ना, आईवडील राजी आहेत ना, विधवा असेल तर पहिल्या नवऱ्याच्या मुलांच्या वाट्याची सोय झाली आहे ना, हे पाहून त्या दोघी पुढच्या सभेत अहवाल देत आणि तो वहीत नोंदला जाई. लग्नाच्या दिवशी पुरोहित नसे. वधूवर एकमेकांना वचन देत, त्यात ‘नवऱ्याच्या आज्ञेत राहीन’ हा शब्द नसे. हजर असलेली सगळी माणसं, बायकासुद्धा, लग्नपत्रावर साक्षीदार म्हणून सही करत. १६७० च्या दशकात उत्तर इंग्लंडातल्या काही क्वेकर पुरुषांनी या सभांविरुद्ध बंड केलं आणि वेगळी चूल मांडली. विल्किन्सन आणि स्टोरी या दोघांच्या नावानं ती फूट ओळखली जाते. तक्रारी बऱ्याच होत्या, पण एक फार बोलकी होती: नवऱ्या मुलानं बायकांच्या सभेपुढे उभं राहून त्यांचा होकार घ्यायचा, हे त्यांना पचेना. ज्या गोष्टीवरून पुरुष पंथ फोडायला तयार होतात, ती गोष्ट नुसती शोभेची नसते.

सभेची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. क्वेकर सभेत मतदान नाही. सगळ्यांचं ऐकून झालं की क्लार्क, म्हणजे अध्यक्ष आणि कारकून एकात असलेली व्यक्ती, सभेचा कौल काय दिसतो ते जागच्या जागी वहीत लिहिते, वाचून दाखवते आणि सभा मान डोलावते किंवा पुन्हा लिहायला लावते. मी आमच्या हाउसिंग सोसायटीची तीन वर्षं सचिव होते. पाण्याच्या टाकीवरून दोन तास भांडण झाल्यावर नेमकं काय ठरलं, हे चार ओळींत असं लिहायचं की दोन्ही बाजूंनी सही करावी. हे काम भाषण करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे तेव्हा कळलं. शिवाय इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, तेही. क्वेकर शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या बायका हे काम महिन्याच्या महिन्याला करत होत्या, पिढ्यान्‌पिढ्या. त्याच काळात त्यांच्या लग्न झालेल्या बिगर-क्वेकर शेजारणींना स्वतःच्या नावानं करारही करता येत नव्हता. तो क्वेकर बायकांनाही येत नव्हताच, कायदा सगळ्यांना एकच होता. पण सभा कशी चालते हे त्यांना ठाऊक होतं.

ल्युक्रेशिया कॉफिन मॉट ही या दप्तराची सगळ्यात नामांकित लेक. जन्म १७९३, नँटकेट बेटावर. हे देवमाशांची शिकार करणाऱ्यांचं बेट. पुरुष एकदा गलबतावर चढले की वर्षानुवर्षं परतत नसत. मागे घर, दुकान, देणीघेणी बायकाच पाहत. ल्युक्रेशियाची आईही दुकान चालवायची. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस परगण्यात ‘नाइन पार्टनर्स’ या क्वेकर शाळेत ती शिकली आणि तिथेच शिकवू लागली. मुलींकडून फी मुलांइतकीच घेतात, पण त्याच मुली शिक्षिका झाल्या की त्यांना पगार पुरुषांच्या निम्मा मिळतो, हा हिशेब तिनं तिथे मांडला आणि जन्मभर विसरली नाही. १८११ साली तिथल्याच एका शिक्षकाशी, जेम्स मॉटशी, तिचं लग्न झालं. १८२१ साली फिलाडेल्फियाच्या सभेनं तिला ‘मिनिस्टर’ म्हणून मान्यता दिली. याला ना पगार, ना झगा. तिच्या बोलण्यात दम आहे, एवढं सभेनं वहीत लिहिलं. मात्र ही मान्यता असलेल्या बाईला आपल्या सभेचं पत्र घेऊन गावोगाव, समुद्रापारही बोलत फिरता येई. घरी लहान मुलं असली तरी.

इथवर फळीपलीकडची खोली छान दिसते. आता फळीकडे बघू.

बहुतेक ठिकाणी बायकांच्या सभेचा निर्णय पुरुषांच्या सभेनं दुजोरा दिल्याशिवाय पक्का होत नसे. एखाद्याला समाजात घेणं किंवा समाजातून काढणं तर नाहीच. पुरुषांच्या निर्णयाला बायकांच्या दुजोऱ्याची तशी गरज नसे. आणि वरच्या बाकावर बसणारी ज्येष्ठ मंडळी ‘आतला प्रकाश’ नेमका कुणाच्या आत आहे हे ठरवायला मोकळी होती. सारा ग्रिम्के ही दक्षिण कॅरोलायनातल्या गुलाममालक घराण्यातली मुलगी. गुलामीचा वीट येऊन ती फिलाडेल्फियाला आली, क्वेकर झाली. तिला मिनिस्टर व्हायचं होतं. वर्षानुवर्षं तिला थंडपणे टाळलं गेलं आणि १८३६ साली एका ज्येष्ठानं तिला भर उपासनेत बोलता बोलता थांबवलं. क्वेकरांच्या शिष्टाचारात हे बसत नाही, पण झालं. दोन वर्षांनी तिनं स्त्री-पुरुष समतेवर पत्रं छापली. आम्हाला मेहेरबानी नको, आमच्या मानेवरचे पाय तेवढे काढा, अशा अर्थाचं तिचं प्रसिद्ध वाक्य त्यांतलंच. त्याच वर्षी तिची बहीण अँजेलिना हिनं पंथाबाहेरच्या थिओडोर वेल्डशी लग्न केलं म्हणून तिला समाजाबाहेर काढलं आणि सारा त्या लग्नाला हजर राहिली म्हणून तिलाही. ज्या वहीनं बायकांना लिहायला शिकवलं, त्याच वहीत त्यांची नावं खोडलीही जात.

आणखी एक गोष्ट फळीपेक्षाही लाजिरवाणी. फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट सभागृहात काळ्या लोकांसाठी वेगळा बाक होता. ग्रेस डग्लस आणि तिची मुलगी सारा मॅप्स डग्लस, दोघी शिकलेल्या, दोघी नेमानं येणाऱ्या, त्या बाकावर बसत. हा बाक काळ्यांचा आहे, असं आजूबाजूचे लोक एकमेकांना सांगत, ते लहानपणी कानावर पडलेलं सारा डग्लस विसरली नाही. म्हणजे आत्म्याची समता मान्य, पण बसायची जागा आधीच ठरलेली. ‘क्वेकर समतावादी होते’ हे वाक्य सरसकट लिहिणाऱ्यांनी त्या बाकावर एकदा मनानं बसून पाहावं.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा एक पुरावाही आहे आणि तो खुद्द मॉटनंच दिला आहे. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात बायकांनी गुलामीविरोधी संघटना काढली. संस्थापकांत मॉट होती, ग्रेस आणि सारा डग्लस होत्या, फोर्टन घराण्यातल्या काळ्या बायका होत्या. पण त्या पहिल्या सभेत अध्यक्ष कोण होणार? एकही बाई तयार होईना. शेवटी जेम्स मॅकक्रमेल या काळ्या दंतवैद्याला खुर्चीवर बसवलं. मॉटनं पुढे सांगितलं की ठराव, प्रस्तावना, मतदान म्हणजे काय हे तेव्हा आपल्याला ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं मिनिस्टर असलेली बाई हे सांगते! मग ते दीडशे वर्षांचं दप्तर गेलं कुठे?

मला याचं उत्तर असं दिसतं: खोलीनं जे शिकवलं तेवढंच त्यांना येत होतं. चौकशी, हिशेब, नोंद, सर्वांना पटेल असा शब्द शोधणं, हे येत होतं. मतं मोजून हरणं-जिंकणं हे क्वेकर सभेत नसतंच, म्हणून ते येत नव्हतं. उरलेलं त्या नव्या संघटनेत शिकल्या. दारोदार हिंडून काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पाठवायच्या अर्जांवर सह्या गोळा करणं, वर्षाला जत्रा भरवून निधी उभारणं, ठराव मांडणं, दुरुस्ती सुचवणं. आणि जमावापुढे न हलणं. मे १८३८ मध्ये फिलाडेल्फियात नवंकोरं ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ उघडलं. अँजेलिना ग्रिम्के बोलत होती तेव्हा खिडक्यांवर दगड पडत होते. काळ्या आणि गोऱ्या बायका हातात हात घालून जोडीजोडीनं बाहेर पडल्या. उद्घाटनानंतर तीनच दिवसांनी जमावानं इमारत जाळून टाकली. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्या लोकांत या बायकाही होत्या, हे आपल्या वाचनात सहसा येत नाही.)

१८४० साली लंडनला जागतिक गुलामीविरोधी परिषद भरली. अमेरिकेहून रीतसर निवडून आलेल्या प्रतिनिधींत मॉटसह काही बायका होत्या. पहिल्याच दिवशी तास न्‌ तास वाद झाला आणि बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यायचं नाही असं ठरलं. कठड्यापलीकडे बसून ऐका म्हणाले. अमेरिकेतल्या गुलामीविरोधी चळवळीचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोचला आणि हे ऐकून स्वतःही सभेत न बसता बायकांबरोबर बसला. पुस्तकांत या प्रसंगाला ‘पुरुषांनी केलेला अपमान’ म्हणतात. खरं आहे. पण परिषद भरवणाऱ्यांत पुढे होते ते इंग्लंडचे क्वेकर! पंथात १८२७ साली फूट पडली होती, मॉट हिक्साइट, म्हणजे एलायस हिक्सला मानणाऱ्या, गटाची होती आणि इंग्लिश क्वेकरांच्या लेखी ती पाखंडी होती. अपमान घरच्यांनीच केला होता. तिथे तिची ओळख झाली एलिझाबेथ केडी स्टँटनशी. नुकतंच लग्न झालेली, नवऱ्याबरोबर आलेली, क्वेकर नसलेली मुलगी. बाई भर सभेत निर्धास्त बोलते, हे तिनं मॉटच्या रूपानं पाहिलं.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. जुलै १८४८. मॉट न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात आली होती. आधी कॅटरॉगसला सेनेका लोकांच्या वस्तीत गेली; तिथे कुळांच्या थोरल्या बायका सरदार नेमत आणि काढतही. (तिथल्या शेतीचं काम परंपरेनं बायकांचं. १७९८ पासून सेनेका लोकांत काम करणाऱ्या क्वेकर मिशनऱ्यांनी मात्र पुरुषांना नांगर आणि बायकांना चरखा धरायला लावायचा घाट घातला. समतेचे धडे द्यायला गेलेल्यांनी तिथून घ्यायला हवे होते.) मग वॉटर्लू गावी जेन हंटच्या घरी ९ जुलैला चहाला पाच जणी जमल्या: जेन हंट, मेरी अ‍ॅन मॅक्लिंटॉक, मॉट, पोटुशी असलेली तिची बहीण मार्था राइट आणि स्टँटन. चौघी क्वेकर घरच्या. त्यांतली मार्था पंथाबाहेर लग्न केल्यामुळे समाजाबाहेर काढलेली. चहा संपेपर्यंत स्त्री-हक्कांवरच्या सभेची जाहिरात तयार झाली होती. सभेत मांडायच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मॅक्लिंटॉकच्या दिवाणखान्यात एका गोल टेबलावर झाला. १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्सच्या वेस्लियन चॅपेलमध्ये सुमारे ३०० माणसं जमली आणि १०० जणांनी सह्या केल्या, ६८ बायका, ३२ पुरुष.

दहा दिवसांत सभा उभी राहते. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातही मंडळाची वार्षिक सभा दहा दिवसांत जमवताना नाकी नऊ येतात. या बायकांनी ती उभी केली, कारण जाहिरात, मसुदा, ठराव, चिटणीस, इतिवृत्त, हे सगळं त्यांच्या हातचं होतं. त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, त्या भागातले सुधारक क्वेकर आपल्या वार्षिक सभेतून फुटून बाहेर पडले होते. हंट आणि मॅक्लिंटॉक ही त्यांतलीच घरं. बायकांची सभा आणि पुरुषांची सभा एकाच पायरीवर हवी, हा त्यांचा जुना आग्रह.

आणि तरीही सेनेका फॉल्सला मोठ्या सभेच्या अध्यक्षस्थानी बसला जेम्स मॉट. स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेत बाईनं अध्यक्ष व्हायचं, हे त्या पाचही जणींना झेपणारं वाटलं नाही. गंमत पुढे आहे. दोन आठवड्यांनी, २ ऑगस्टला, रॉचेस्टरला पुढची सभा भरली. तिथल्या क्वेकर एमी पोस्ट आणि तिच्या मैत्रिणींनी अ‍ॅबिगेल बुशला अध्यक्ष करायचं ठरवलं. विरोध कुणी केला? मॉटनं आणि स्टँटननं. हे फार धाडसाचं होईल म्हणाल्या. अ‍ॅबिगेल बुश बसली खुर्चीवर, सभा व्यवस्थित पार पडली आणि मॉटनं शेवटी मोकळेपणानं कौतुक केलं.

मला या प्रसंगात मॉटचा कमीपणा दिसत नाही, फळीची ताकद दिसते. बायकांची वार्षिक सभा ती स्वतः क्लार्क म्हणून चालवून बसली होती. म्हणजे खुर्ची तिला नवी नव्हती. नवी होती ती फळी नसलेली खोली. जिथे फळी आहे तिथे निर्धास्त असणं आणि जिथे ती नाही तिथे बिचकणं, हे एकाच शिक्षणाचे दोन परिणाम. १८३३ ला मॅकक्रमेल, १८४८ च्या जुलैत जेम्स मॉट, ऑगस्टात अ‍ॅबिगेल बुश. एका खुर्चीचा हा पंधरा वर्षांचा प्रवास मला त्या जाहीरनाम्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, सेनेका फॉल्सच्या ठरावांतली मताधिकाराची मागणी तर स्टँटनची. क्वेकर मॉट तर ‘लिझी, तू आपलं हसं करशील’ म्हणाली, असं सांगतात. मग क्वेकर बायकांचं श्रेय कसलं? आक्षेप बरोबर आहे, त्याचं कारणही क्वेकर आहे. जे सरकार तलवारीच्या जोरावर चालतं आणि गुलामी पाळतं त्याच्या निवडणुकीत हात कशाला घालायचे, असं त्या गटातल्या अनेकांना, पुरुषांनाही, वाटायचं. पुढच्याच वर्षी मॉटनं भाषणात स्पष्ट केलं: सध्याच्या राजकारणात बायकांनी उतरावं असं मी म्हणणार नाही, पण मताचा हक्क त्यांचा आहे आणि त्या तो वापरोत न वापरोत, त्यांना मिळालाच पाहिजे. दप्तरानं माणूस सोवळाही होतो. ते सोवळं मोडायला बाहेरची स्टँटन लागली आणि ठरावाला पाठिंबा द्यायला गुलामीतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस उभा राहिला. पुढे सुसान अँथनी, तीही क्वेकर बापाची, १८७२ साली रॉचेस्टरला सरळ जाऊन मत टाकून आली. खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, तो तिनं कधी भरला नाही. आणि हिक्साइट घरातल्या अ‍ॅलिस पॉलनं १९१७ च्या जानेवारीपासून व्हाइट हाउसच्या फाटकाशी बायका नुसत्या फलक धरून गप्प उभ्या केल्या. मौनात बसायची सवय अशीही उपयोगी पडते. तुरुंगात तिनं अन्न सोडलं, तर नळीनं बळजबरी भरवलं गेलं.

वेगळी खोली हवी की नको, हा खरा प्रश्न आणि तो जुना झालेला नाही. महिला मंडळ, महिला बचत गट, महिला आयोग, महिलांसाठी राखीव वॉर्ड; प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणतं की वेगळं काढणं म्हणजे दुय्यम मानणंच. त्यात तथ्य आहे. १८४० चा कठडा आणि बकिंगहॅमची फळी एकाच झाडाच्या लाकडाची. पण दोन्हींत फरक करायला हवा. कठड्यामागे बायकांना काही काम नव्हतं, ऐकायचं होतं. फळीमागे वही होती, पेटी होती. खोली वेगळी आहे का, यापेक्षा त्या खोलीत निर्णय होतो का, पैसा आहे का, आणि वहीत लिहिलेलं बाहेर कुणी मानतं का, हे मी आधी विचारीन. आणि फळी काढताना एक हिशेब जरूर मांडीन: दोन खोल्यांना दोन क्लार्क लागतात, एका खोलीला एक. इंग्लंडच्या क्वेकरांनी १८९६ साली बायकांना सामायिक वार्षिक सभेत बरोबरीनं घेतलं आणि बायकांची स्वतंत्र वार्षिक सभा १९०७ साली बंद केली. योग्यच केलं. पण त्या दिवशी एक खुर्ची कमी झाली, हेही खरं.

या वेगळ्या खोल्यांपैकी एक आपल्या ओळखीची आहे. १८५० साली फिलाडेल्फियात बायकांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ते काढण्यात क्वेकर डॉक्टरांचा मोठा हात होता. पहिल्या तुकडीत आठ जणी पदवीधर झाल्या, त्यांत हॅना लाँगशोर आणि अ‍ॅन प्रेस्टन या क्वेकर. प्रेस्टन १८६६ साली तिथलीच डीन झाली. तिच्या विद्यार्थिनी १८६९ साली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात व्याख्यान ऐकायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच महाविद्यालयात १८८३ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई जोशींनी नाव घातलं. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समोर बसलेल्या होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्याच फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेनं, म्हणजे मुलांमुलींच्या सामायिक खोलीनं, मुलींना दार उघडलं ते १९१४ साली. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.